आधी वही, मग क्रेन

एका पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं छत गळायला लागलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात एक बादली ठेवली, दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी कायद्याच्या पुस्तकांच्या रॅकवर धारच लागली, तेव्हा प्राचार्य स्वतः येऊन बघून गेले आणि "हलवा सगळं" एवढंच म्हणाले. कुठे हलवायचं ते आमचं आम्हीच ठरवायचं होतं. जिमखान्यामागे एक कोरडी खोली होती. साखरेच्या रिकाम्या गोण्या आणल्या, त्या भरून दाभणानं शिवल्या आणि प्रत्येक गोणीवर लाल ऑइलपेंटनं क्रमांक घातला. चौसष्ट गोण्या झाल्या. पुस्तकं दोन हजारांच्या आसपास. मी तेव्हा तिथे तालिकाकार, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणारा, होतो, त्यामुळे वही माझ्याकडे: गोणी क्रमांक, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव. माल आणि यादी एकाच ठिकाणी असावी म्हणून ती वही त्याच खोलीतल्या भिंतीच्या कपाटात ठेवली. हे शहाणपणही माझंच.

नवीन इमारत व्हायला तीन वर्षं लागली. खोली उघडली तेव्हा गोण्या जशाच्या तशा होत्या. फळ्यांवर रचल्या होत्या, पावडर मारली होती, ओल नाही, उंदीर नाही. कपाट उघडलं तर भिंतीकडून वाळवी शिरलेली. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर आणि पहिली अकरा पानं हाताला लागली, बाकी माती. साठ्याला ओरखडासुद्धा आला नव्हता आणि साठा हरवला होता. त्या आठवड्यात एका प्राध्यापकांना जुना एक निवाडा हवा होता. पुस्तक आमच्याकडे आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघं चौसष्ट गोण्यांकडे बघत उभे होतो.

तेव्हा ग्रंथालयातले आमचे शिपाईमामा म्हणाले, "सर, कायद्याची सतरा नंबरात. त्या दिवशी सुतळी संपली होती, म्हणून मी ती वायरनं शिवली. बघा, वायरची एकच आहे."

ग्रंथालयांच्या यंत्र-कोठारांविषयी, म्हणजे पुस्तकं यंत्रानं ठेवायच्या-काढायच्या गोदामांविषयी, मी जे काही म्हणणार आहे ते या खोलीतून निघालेलं आहे. वाचणाऱ्यानं त्याला हवं तर पूर्वग्रह म्हणावं.

इंग्लंडमध्ये यॉर्कशर भागात बॉस्टन स्पा नावाचं गाव आहे. ब्रिटिश लायब्ररीचा मोठा साठा लंडनमध्ये नाही, इथे आहे. २००९ मध्ये तिथे पूर्ण स्वयंचलित कोठार सुरू झालं. एकापुढे एक लावल्या तर २६२ किलोमीटर होतील एवढ्या फळ्या, म्हणजे पुण्याहून निघालं तर सोलापूर ओलांडून पुढे जाईल इतकं अंतर. सत्तर लाख नग मावतील अशी सोय. आत माणूस जवळजवळ नाही. 'क्रेन' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बांधकामावरचं धूड येतं. ही तशी नसते. दोन उंच मांडण्यांमध्ये अरुंद बोळ, बोळात रूळ, रुळावर पळणारा एक खांब आणि त्या खांबावर खालीवर सरकणारा हात. वाचकानं संगणकावर मागणी केली की हात नेमक्या पेटीपाशी जातो, पेटी ओढून घेतो आणि बोळाच्या तोंडाशी आणून ठेवतो. पेटीतून पुस्तक मात्र माणूसच काढतो, निदान बहुतेक ठिकाणी. सगळ्या लोखंडी कारभाराच्या शेवटी कुणीतरी उभा राहून पुस्तकांच्या पाठी वाचत, बोटानं चाचपत हवा तो नग उचलतो आणि बारकोडवर लाल उजेड मारतो. मला यातला हा भाग फार आवडतो.

विषयावरून पुस्तकाची जागा ठरते, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. यंत्र-कोठारात जागा ठरते उंचीवरून. एका मापाची पुस्तकं एका मापाच्या पेटीत. शेजारी ज्ञानेश्वरी, कुक्कुटपालन आणि तुर्कस्तानचा इतिहास असे तिघे बसले तरी यंत्राला त्याचं काही नाही. परत आलेलं पुस्तक पुन्हा त्याच पेटीत गेलं पाहिजे असंही नाही. जिथे जागा असेल तिथे टाकायचं, नवा पत्ता यंत्र टिपून ठेवतं. एवढ्यानं जागा किती वाचते? शिकागो विद्यापीठानं २०११ मध्ये उघडलेल्या मॅन्सुएटो लायब्ररीत नेहमीच्या मांडणीच्या सुमारे सातव्या हिश्श्याच्या जागेत काम भागतं. जमिनीखाली पन्नास फूट खोल, ३५ लाख खंडांची सोय, आणि वर काचेच्या घुमटाखाली वाचनकक्ष. अमेरिकेतल्याच रॅली शहरातलं हंट ग्रंथालय २०१३ चं; तिथे हा हिशेब नवव्या हिश्श्याचा सांगतात. कारण साधं आहे. आपण फळीवर नव्या पुस्तकांसाठी मोकळी जागा सोडतो, दोन रॅकमध्ये माणूस वळेल एवढी वाट ठेवतो, आणि सर्वात वरची फळी हात पोचेल तिथेच थांबते. यंत्राला यातलं काही लागत नाही.

यंत्राला शिव्या घालायच्या आधी त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. ब्रिटनमधली जुनी वर्तमानपत्रं पूर्वी लंडनच्या कॉलिंडेल भागात ठेवलेली असत. २० ऑक्टोबर १९४० ला तिथे बॉम्ब पडला आणि हजारो खंड नष्ट झाले. पुढे उरलेला कागद पिवळा पडून हातात तुटत राहिला तो वेगळाच. ही वर्तमानपत्रं आता बॉस्टन स्पाच्या दुसऱ्या इमारतीत आहेत. ती २०१५ मध्ये सुरू झाली. वीस मीटर उंच, आत काळोख, तेहेतीस किलोमीटर वर्तमानपत्रं. हवेत एरवी एकवीस टक्क्यांच्या आसपास प्राणवायू असतो, तो तिथे १४-१५ टक्क्यांवर ठेवतात, त्यामुळे आग मुळात धरतच नाही. माणसांची वर्दळ असलेल्या दालनात हे शक्य नाही. माणूस बाहेर काढला म्हणून कागद वाचला, हे मान्य करायला मला जड जातं, पण ते खरं आहे.

दुसरा दाखला कॅलिफोर्नियाचा. नॉर्थरिजच्या विद्यापीठानं १९९१ मध्ये ग्रंथालयात असं कोठार बसवलं. हा प्रकार कारखान्यांच्या गोदामांतून ग्रंथालयात आणणाऱ्यांत ते अगदी पहिले. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे साडेचारला तिथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. इमारतीचं एवढं नुकसान झालं की दुरुस्तीला वर्षं लागली. उघड्या फळ्यांवरची पुस्तकं जमिनीवर आली. लोखंडी पेट्यांतली बहुतेक पेट्यांतच राहिली.

विरोधकांचा मोठा मुद्दा असतो फळीपुढे उभं राहून चाळण्याचा. एक पुस्तक घ्यायला जावं आणि शेजारचं हाती लागावं, हे सुख यंत्रानं मारलं, असं म्हणतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं वाचनकक्षाखालचे सात मजले रिकामे करून पुस्तकं न्यू जर्सीच्या गोदामात पाठवायची योजना आखली होती, तेव्हा अभ्यासकांनी रान उठवलं आणि २०१४ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली. त्यांचा राग रास्त होता. पण गंमत अशी की ते मजले सर्वसाधारण वाचकाला कधीच खुले नव्हते. तिथेही चिठ्ठीच भरावी लागे. भांडण खरं तर अंतराचं होतं, पुस्तक यायला किती वेळ लागणार याचं.

आणि आपल्याकडे? ज्या वाचनालयांत आपण वाढलो त्यांतल्या बहुतेकांत फळीपुढे कुणी उभं राहू देत होतं का? देवघेवीचं टेबल, त्यामागे जाळी, जाळीमागे कपाटं. यादी चाळायची, तीन-चार क्रमांक चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी आत द्यायची. 'पहिली दोन बाहेर आहेत, तिसरं देऊ का?' असा आवाज यायचा. म्हणजे मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या बंद कोठाराचाच वाचक आहे. चाळण्याच्या सुखासाठी आपण गळा काढावा असं ते आपलं कधी नव्हतंच. आपल्या कोठारात क्रेनच्या जागी माणूस होता, एवढाच फरक.

पण तो फरक केवढा! जाळीमागचा माणूस पुस्तक आणायचा तेव्हा सोबत एखादं न मागितलेलंही आणायचा. "हे पण बघा, तुमच्या उपयोगाचं आहे." आमचे मामा सातवी शिकलेले. कुठल्या वर्षीचा अंक कुठल्या बांधणीत गेला, कुठल्या पुस्तकाची दुसरी प्रत चुकीच्या क्रमांकावर चढली आहे, कुणी कोणतं पान फाडलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आमची तालिका सदोष होती आणि ती सदोष आहे हे वीस वर्षं कुणाला कळलं नाही, कारण प्रत्येक चूक मामा चालता चालता दुरुस्त करत होते. यंत्र असली दुरुस्ती करत नाही. ते सांगितलेल्या पेटीपाशी जातं. नोंद चुकली असेल तर तितक्याच अचूकपणे चुकीच्या पेटीपाशी जातं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं १९३१ पासून ग्रंथपालनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, हे यंत्र उत्तम पाळतं. दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हेही पाळतं, वाचकाला ग्रंथ ठाऊक असेल तर. तिसऱ्यापाशी घोडं पेंड खातं: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. जे पुस्तक कुणी नाव घेऊन मागत नाही त्याला वाचक मिळवून द्यायचा कसा? फळीवर ते निदान दिसायचं. जाळीमागच्या माणसाला आठवायचं. पेटीत गेलं की त्याच्याकडे नोंद एवढंच तोंड उरतं. हंट ग्रंथालयानं यावर पडद्यावरची फळी काढली आहे: एक पुस्तक शोधलं की वर्गांकानुसार, म्हणजे विषयाच्या क्रमांकानुसार, त्याचे शेजारी पडद्यावर दिसतात. कल्पना छान आहे. पण शेजार दिसायचा तर आधी कुणीतरी बसून प्रत्येक पुस्तकाला नीट वर्गांक दिलेला हवा.

इथे मराठीचं दुखणं सुरू होतं. आमच्याकडे मराठी कादंबरी म्हणजे ८९१.४६३, की संपलं. पुढे लेखकाची आद्याक्षरं. ती कादंबरी गिरणगावावर आहे, धरणग्रस्तांवर आहे की पानिपतावर, याचा नोंदीत पत्ता नाही. बांधणी केलेल्या दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून आपली ही परंपरा. मराठी कथा-कवितेचा केवढा ऐवज या अंकांत आहे. नोंद काय? नियतकालिकाचं नाव, वर्ष, बांधीव, दाखल क्रमांक. आत कोण लिहितंय, कशावर लिहितंय, काही नाही. असा खंड उघड्या फळीवर असला तर कुणी धूळ झटकून अनुक्रमणिका उघडेल. पेटीत गेला तर तो कशासाठी मागवायचा, हे आधीच ठाऊक असलेल्यालाच मिळेल.

शिवाय लिपीचा घोळ. आपल्या कितीतरी ग्रंथालयांच्या संगणकात मराठी पुस्तकं रोमन अक्षरांत चढवलेली आहेत, आणि ज्यानं चढवली त्याच्या कानाप्रमाणे. 'ज्ञ' कुणी 'जे-एन' लिहिला, कुणी 'डी-एन-वाय', कुणी हिंदीच्या नादानं 'जी-वाय'. ज्ञानेश्वरी एकाच ग्रंथालयात तीन ठिकाणी विखुरलेली मी स्वतः पाहिली आहे. परदेशी ग्रंथालयांत नियम पक्का असतो, पण तो इतका पक्का की शब्दाच्या शेवटचा 'अ'सुद्धा लिहितात; केळकर तिथे 'केळकरा' होऊन बसतो आणि पुण्याहून गेलेला विद्यार्थी 'केळकर' टाकून हात हलवत परततो. कॉलेजांच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचं संगणकीकरण झालं का, असा प्रश्न असतो. सोल म्हणा, कोहा म्हणा, सॉफ्टवेअर बसलं की 'पूर्ण' असं लिहायला आपण मोकळे. त्यात काय भरलंय हे विचारायला कुणी येत नाही.

हे दूरचं वाटत असेल तर मिलोचे, रेशनवरच्या त्या अमेरिकी लाल ज्वारीचे, दिवस आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली तिकडचा गहू आला, त्याचे पैसे इथे रुपयांत साचले, आणि त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली गेली. मराठीही त्यात होती. शिकागोचा दक्षिण आशियाई संग्रह मोठा झाला तो अशा खरेदीतून. इथे ज्याची एक प्रत शोधून मिळत नाही असं मराठी पुस्तक तिकडे नीट जपलेलं सापडतं, याचं श्रेय हवामान-नियंत्रित इमारतीइतकंच त्या कंटाळवाण्या, शेवटच्या 'अ'सकट केलेल्या नोंदीला आहे.

जवळचं उदाहरण पुण्यातच आहे. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे पेटीच की. प्रत्येक रुमालाला क्रमांक आहे, रुमाल जागेवर आहेत, मागितला तर मिळतो. पण कुठल्या रुमालात काय आहे? १९२९ नंतर रियासतकार सरदेसाईंनी मोडी वाचणारे साहाय्यक हाताशी घेऊन हे रुमाल सोडवले, त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले आणि मराठ्यांचा इतिहास लिहिण्याची तऱ्हाच बदलली. कागद त्याआधी शंभर वर्षं तिथेच होते. त्यांना पत्ता होता, वर्णन नव्हतं.

आता बॉस्टन स्पाकडे परत. २८ ऑक्टोबर २०२३ ला ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी मागितली गेली, लायब्ररीनं दिली नाही, चोरांनी सुमारे सहाशे जीबी माहिती उघड्यावर टाकली. संकेतस्थळ गेलं, तालिका गेली, मागणी नोंदवायची सोय गेली. तालिका पुन्हा शोधण्याजोगी व्हायला १५ जानेवारी २०२४ उजाडला आणि बॉस्टन स्पाचा बराचसा साठा तर कित्येक महिने वाचकाला मागवताच येईना. तिथलं एकही पुस्तक जळलं नव्हतं, भिजलं नव्हतं. लंडनच्या इमारतीतलं काही साहित्य मात्र वाचक स्वतः गेला, कागदावर मागणी लिहून दिली, की मिळत होतं. कारण तिथे फळीपर्यंत चालत जाणारी माणसं होती.

ही बातमी वाचली तेव्हा मला आमची वाळवी आठवली. ब्रिटिश लायब्ररीची आणि आमची बरोबरी करण्याचा आगाऊपणा मी करत नाही. पण माल आणि यादी एकाच कपाटात ठेवायची चूक दोघांच्याही हातून झाली, एवढं म्हणायला हरकत नसावी.

त्या महिन्यांत आणखी एक गोष्ट मनात आली. ब्लूमहार्ट नावाच्या गृहस्थांनी ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची केली, ती १८९२ मध्ये छापून निघाली. प्रत्येक नोंदीबरोबर पुस्तकाच्या जागेची खूण दिलेली. संगणकातली तालिका बंद पडली तेव्हा एकशे एकतीस वर्षांपूर्वीची ही सूची उघडून कुणालाही सांगता येत होतं की तिथे कुठली मराठी पुस्तकं आहेत. आपल्याकडे शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. आजही जुन्या पुस्तकाचा माग काढायचा झाला तर पहिला हात तिच्याकडेच जातो. तिला वीज लागत नाही.

मग आपण यंत्र घेऊ नये का? जागेचा प्रश्न खोटा नाही. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी लागते. ही आवक थांबणारी नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत शंभर-सव्वाशे वर्षांची वाचनालयं आहेत. जागेअभावी तिथली पुस्तकं माळ्यावर जातात, तिथून बाद होतात, तिथून रद्दीत. स्कॅन करून टाका, मूळ कशाला हवं, असं म्हणणारे भेटतात. स्कॅनलाही नोंदच लागते, आणि २०२३ च्या हल्ल्यात डिजिटल संग्रहालाही वाट राहिली नव्हती, एवढंच त्यांना सांगतो.

मॅन्सुएटोला ८ कोटी १० लाख डॉलर लागले. आपल्याला तो आकडा बघायचंही कारण नाही, कारण या सगळ्यातला खरा नफा क्रेनमध्ये नाहीच. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानं २०१० मध्ये स्विंडनजवळ कोठार बांधलं. खर्च २ कोटी ६० लाख पौंड, अकरा मीटर उंच मांडण्या, लाखो पुस्तकं. तिथे यंत्रमानव नाही. उचलयंत्रावर चढून माणूस वर जातो, खोक्यातून पुस्तक काढतो, दिवसातून दोनदा गाडी ऑक्सफर्डला जाते. मापानुसार खोकी, खोक्याला बारकोड, पुस्तकाला बारकोड, कोरडी थंड हवा. ही तऱ्हा हार्वर्डनं १९८६ मध्ये घालून दिली आणि तिच्यावर अर्ध्या जगाची कोठारं चालतात. स्विंडनच्या वेळी ऑक्सफर्डला सगळ्यात मोठं काम पडलं ते स्थलांतराआधी एकूण एक पुस्तक हातात घेऊन त्याला बारकोड लावायचं. ते काम टाळता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तेच काम.

म्हणून माझी मागणी साधी आणि जरा रुक्ष आहे. शासनाचं असो की विद्यापीठाचं, नव्या कोठाराचं अंदाजपत्रक मांडलं जाईल तेव्हा त्यात इमारत आणि यंत्राच्या आधी नोंदींचा खर्च दिसला पाहिजे. देवनागरीत नोंद, निदान ओळीभर विषय, बांधीव अंकांची अनुक्रमणिका. त्यासाठी मराठी वाचणारी, पगारी, कायम माणसं. उन्हाळी सुट्टीत तासिकेवर पोरं बसवून हे होत नाही. ज्ञानेश्वरी तीन ठिकाणी जाते ती अशानं. कुठलं पुस्तक पेटीत जाणार हे ठरवताना गेल्या दहा वर्षांत किती वेळा बाहेर गेलं एवढाच निकष लावू नये, कारण ज्या पुस्तकाची नोंदच धड नाही ते बाहेर जाणार कसं? आणि शिकागोनं एक गोष्ट केली ती बघण्यासारखी आहे. त्यांनी कोठार शहराबाहेर नेलं नाही, जुन्या ग्रंथालयाला चिकटून बांधलं, ऑनलाइन मिळणारी नियतकालिकं, मोठे संच असा माल पेट्यांत टाकला आणि शेजारच्या इमारतीतल्या फळ्या वाचकांना चाळायला खुल्या ठेवल्या. आपण मात्र नवी इमारत झाली की आधी वाचनकक्ष वातानुकूलित करतो.

यादीची एक प्रत यंत्राबाहेर हवी, हेही त्या अंदाजपत्रकात लिहा. छापील असो, वेगळ्या गावातल्या संगणकात असो. वर्षातून एक दिवस सगळं बंद करून त्या प्रतीवरून दहा पुस्तकं काढून बघा.

सतरा नंबरची गोणी मामांनी पकडीनं वायर तोडून उघडली. वर तीन जुने दिवाळी अंक होते. ते तिथे कसे, म्हणून मी विचारलं, तर "जागा उरली होती, कोंबले" असं म्हणाले. खाली निवाडे. प्राध्यापकांचं काम झालं. बाकीच्या गोण्या उघडायला आम्हाला पुढचे अडीच महिने लागले, आणि या खेपेला वही लिहिताना मी खाली कार्बन पेपर घातला. दुसरी प्रत कुठे ठेवायची ते नियमात कुठेच नव्हतं. मामांनी ती पिशवीत घालून घरी नेली आणि ट्रंकेत ठेवली. ते निवृत्त झाले तेव्हा कुणी ती परत मागितली नाही.